पाय दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका! मधुमेहात या चुका टाळा

बाबांना रोज संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला तीन फेऱ्या मारायची सवय. एका जूनमध्ये घरी आले, सँडल काढली आणि दारापासून सोफ्यापर्यंत पांढऱ्या लादीवर लाल ठिपके. सँडल उलटी करून आपटली तर आतून हरभऱ्याएवढी खडी पडली. तिन्ही फेऱ्या ते त्या खडीवर चालले होते. "अगं, मला कळलंसुद्धा नाही," म्हणाले. मधुमेह १८ वर्षांचा.

आमची पहिली चूक तिथेच झाली. दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, असं आम्ही धरून चाललो. खरं तर न दुखणं हीच धोक्याची खूण होती. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. टोचलेलं, भाजलेलं, चप्पल लागलेली कळतच नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही तपासणी काही मिनिटांत होते. वर्षातून एकदा तरी आठवणीने करून घ्या.

दुसरी चूक फार महागात पडली. तीन आठवडे आम्ही ड्रेसिंग करत राहिलो, गोळ्या बदलत राहिलो, पण पायात रक्त पोचतंय का, हे ना आम्ही विचारलं ना कुणी पाहिलं. बाबा फेरी मारताना गडकरी रंगायतनसमोर थांबायचे. पोटऱ्या भरून यायच्या, दोन मिनिटं टेकले की पुन्हा चालायला लागायचे. वय झालं, असं आम्ही समजायचो. ती अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांची तक्रार होती. रक्तच नीट जात नसेल तर जखम भरणार कशी?

हे तपासायला घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आलं तर रक्तपुरवठा कमी आहे असं समजतात. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी जखम भरत नसेल, तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) आणि पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. बाबांच्या पायाची अँजिओप्लास्टी करून अरुंद रक्तवाहिनी मोकळी केली तेव्हा कुठे जखम भरायला लागली. तोवर डाव्या पायाचं दुसरं बोट काढावं लागलं होतं.

"चाललं की रक्त फिरतं" असं सांगणारे शेजारी खूप भेटतील. पाय धड असेल तेव्हा ते खरंच आहे. तळव्याला जखम असताना मात्र प्रत्येक पाऊल ती पुन्हा चिरडतं. पट्टी बांधून बाथरूमपर्यंत चालणंही त्यात आलं. जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर किंवा खास बूट हा उपचाराचाच भाग आहे, त्यात हयगय नको.

पाय गार पडतात म्हणून गरम पाण्यात बुडवू नका, शेकूही नका. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापू नका आणि त्यावर औषधाची पट्टी लावू नका; त्यातल्या ॲसिडने आजूबाजूची चांगली कातडी जळते. मशेरी, विडी, तंबाखू बंद.

ठाण्याच्या पावसात वंदना बस डेपोपाशी घोटाभर पाण्यातून यावं लागलं तर घरी आल्याबरोबर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. चिखल्यांच्या भेगांतूनच जंतू आत शिरतात. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत नको. घरातही चप्पल हवी. रोज रात्री हातआरसा धरून तळवे बघा. दिसत नसेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा, त्यात संकोच कसला?

बोट काळं-निळं पडलं, पाय अचानक थंड आणि पांढुरका झाला, लाली वर चढत चालली, घाण वास किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. जखम नसताना एकच पाय सुजून गरम लागत असेल तरी थांबू नका. आत हाडं मोडत असू शकतात आणि बधिर पायाला ते कळत नाही. त्या पायावर भार न देता डॉक्टरांकडे जा.