कुळाचा शोध घेताय? निदान या चुका तरी करू नका

आमच्या घराण्याचं संमेलन आम्ही आजवर तीनदा भरवलं. तेव्हापासून ओळखीतला कुणी ना कुणी फोन करतो, "आम्हालाही वंशावळ करायचीय, दोन महिन्यांत होईल ना?" दोन महिन्यांत होते ती निमंत्रणपत्रिका. वंशावळीला मला अकरा वर्षं लागली आणि अजून एक फांदी लोंबकळतेय. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय, कारण चुका सगळे त्याच करतात. मीही केल्या.

पहिली माझीच सांगतो. आम्ही मूळचे कुडाळ तालुक्यातले, पण माझा जन्म लालबागच्या चाळीतला. गाव म्हणजे शिमगा आणि गणपती एवढंच. वंशावळीचं डोक्यात घेतलं तेव्हा मी हुशारी केली. तालुक्याला जाऊन सात-बारा काढला. सामाईक जमीन, त्रेचाळीस नावं. एवढी नावं आयती मिळाल्यावर बाकी काय राहिलं, असं वाटलं. तो कागद घेऊन थेट चुलत आजोबांच्या पडवीत जाऊन बसलो आणि म्हणालो, "आबा, मी आपलं कूळ शोधतोय."

आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "हिस्सो मागूक इलंस काय?"

त्यांचं चुकलं नाही. गावात 'कूळ' म्हणजे घराणं नव्हे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कूळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. ज्या घरांनी त्यात जमीन गमावली किंवा मिळवली, त्यांना हा शब्द ऐकला की कोर्टाची पायरी आठवते. त्यात मुंबईवाला, त्यात हातात सात-बारा. आबांनी चहा दिला, पण एक नाव सांगितलं नाही. माझी पाठ फिरायच्या आत वाडीत बातमी पोचली होती की अमक्याचा नातू वाटणी करायला आलाय. ती बातमी पुसायला मला दोन शिमगे लागले.

तेव्हापासून माझा रिवाज ठरलेला आहे. पहिल्या भेटीला कागद न्यायचा नाही, पेनही नाही. एक जुना फोटो न्यायचा. जमिनीतलं काही विचारायचं नाही, मेलेल्या माणसांचं विचारायचं. त्याहून चांगलं म्हणजे पालखीचं विचारायचं: शिमग्यात देवाची पालखी पहिली कुणाच्या अंगणात यायची, मग कुणाच्या? तो क्रम मानाचा असतो. थोरलं घर कुठलं आणि धाकटं कुठलं, हे म्हातारी माणसं त्या क्रमावरून न विचारता सांगून टाकतात. घरी परतताना एस. टी.त बसलं की मग लिहून काढायचं.

कागद नंतर. आणि तेव्हाही सात-बारापेक्षा जुने फेरफार काढा. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद फेरफारात होते, त्यामुळे बाप, मुलगे, कधी विधवा बायको अशी नाती तिथे लिहिलेली सापडतात. सात-बारावर नुसती नावांची रांग. एक लक्षात ठेवा, १९५६च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली बहुधा नसतातच. नोंद नाही म्हणजे मुलगी नव्हती, असं समजू नका.

दुसरी चूक माझ्या पुतण्याची. पोरगा हुशार, कॉम्प्युटरवाला. गावच्या देवळात एक घंटा आहे, तिच्यावर कोरलंय: 'राघोजी बिन विठोजी', म्हणजे विठोजीचा मुलगा राघोजी, आणि खाली १८०७. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि रात्रीत झाड पूर्ण केलं. आमच्याकडे फेरफारात एक राघोजी बिन विठोजी होता, १९१४ साली मयत. आता १८०७ला घंटा बांधणारा माणूस १९१४ला मरणार कसा? मग पुतण्याने ठरवलं की राघोजी दोन. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली पद्धत त्याला ठाऊक होती, म्हणून मध्ये एक विठोजीही घातला. दोन पिढ्या हवेतून आल्या. झाड दहा फूट फ्लेक्सवर छापलं, कडेला तलवार आणि ढाल. (प्रत्येकाला आपला मूळपुरुष सरदारच हवा असतो. नांगर धरणाऱ्याने काय पाप केलंय, कळत नाही.)

संमेलनाच्या दिवशी आमची थोरली आत्या आली. वय अठ्ठ्याऐंशी, अक्षरओळख नाही. तिने फ्लेक्ससमोर खुर्ची मांडून घेतली आणि पुतण्याला म्हणाली, वाच. तो वाचत गेला, ती बोटांच्या पेरांवर मोजत गेली. प्रत्येक पुरुषानंतर ती त्याच्या बायकोचं नाव घ्यायची, माहेरच्या गावासकट. मधल्या दोघांपाशी तिचा अंगठा पेरावरच थांबला.

"ह्या दोघांच्यो बायलो खंय आसत?"

बायलो नव्हत्याच, कारण ते दोघेही नव्हते. घंटेवरचा आकडा शकाचा होता. शके १८०७ म्हणजे इसवी सन १८८५. शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या आसपास नवं इंग्रजी साल लागल्यावर ७९. राघोजी एकच, त्यानेच घंटा बांधली आणि तोच १९१४ला गेला. १९४७पूर्वीची कुठलीही तारीख दिसली की आधी विचारा, हे साल कुठलं? सनावळीत शके, फसली (महसुलाचं साल), इसवी सगळे शेजारीशेजारी नांदतात.

आत्याची कसोटी मी तेव्हापासून सगळ्यांना लावतो. झाडात ज्या माणसाला बायको नाही, आई नाही, तो माणूस संशयित. आणि पुरुषांकडे बसून वंशावळ करणाऱ्यांना तर माझा दंडवतच. पुरुषांना पाच पिढ्यांची नावं पाठ असतात, पण कोण कुणाचा सख्खा आणि कोण दत्तक, कुणाचं पहिलं लग्न कुठे झालं होतं, हे माहेरवाशिणींना विचारा. त्यांना लग्नाआधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही नावांनी नोंदवा, नाहीतर एकाच बाईच्या दोघी होतात.

बाकीच्या चुका भराभर.

'बिन' म्हणजे 'शिवाय' नव्हे. अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा. 'वलद'ही तेच. बाईच्या नावापुढे 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं आणि दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत, तेव्हा मोडी चार व्हिडिओ बघून वाचू नका. वाचणारा माणूस गाठा, त्याला पैसे द्या.

आडनाव एक म्हणून भाऊबंद होत नाहीत. सावंत, पाटील, कुलकर्णी तालुक्यागणिक आहेत. देवक विचारा, कुलदैवत विचारा. गोत्रावर फार विसंबू नका, ज्याला माहीत नाही तो काश्यप सांगतो.

कुलदैवताचं गाव ते आपलं मूळ गाव, हीही ठोकताळ्यातली चूक. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज अमलात देवच गाव सोडून गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. एक मित्र कवळ्यात आपल्या पूर्वजांचं घर शोधत दोन दिवस फिरला.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी ठरवलेली समजा.

२०२३पासून कुणबी नोंदींसाठी जुने कागद उघडले गेले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. फार चांगलं झालं. पण त्यात आपल्या पणजोबाच्या नावाचा माणूस सापडला म्हणजे तो आपला पणजोबा झाला नाही. गाव जुळलं पाहिजे, बापाचं नाव जुळलं पाहिजे.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे जाताना आडनावाच्या आधी गावाचं नाव सांगा. त्यांच्याकडच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवहीत, माझ्या आजोबांची सही सापडली. 'ल' अगदी माझ्या वडिलांसारखा काढलेला.

संमेलन गणपतीत ठेवू नका. सगळे गावात असतात आणि कुणालाच वेळ नसतो. मे महिन्यात सत्यनारायणाला जोडून ठेवा. हॉल नको, सत्कार तर अजिबात नकोत. एकाला शाल दिली की सात जण रुसतात.

आणि फ्लेक्स छापू नका. छापलेलं दिसलं की लोक टाळ्या वाजवतात, चूक दाखवत नाहीत. गेल्या वेळी आम्ही झाड साध्या कागदावर काढलं, पडवीच्या भिंतीला लावलं आणि शेजारी सुतळीला शिसपेन्सिल बांधली. संध्याकाळपर्यंत एकतीस दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या चार एकमेकींच्या विरुद्ध आहेत, दोन्हीकडचे चुलतभाऊ आपलाच आजोबा थोरला म्हणतात. पुढच्या मे महिन्यात त्या दोन्ही घरांची पानं मी शेजारीशेजारी मांडणार आहे, आणि मध्ये आत्याचं.