भरणाऱ्या दाण्यातली विकरं (एन्झाइम) मोजताना या चुका टाळा

गव्हाच्या भरणाऱ्या दाण्यावरचे प्रबंध चाळले, की बहुतेक घोळांचं मूळ एकच निघतं. पानासाठी लिहिलेला प्रोटोकॉल जसाच्या तसा दाण्याला लावलेला असतो. दाण्यात मात्र पाण्याचा टक्का घटत जातो, स्टार्च साचत जातो आणि आतल्या भ्रूणपोषापर्यंत (दाण्याच्या पिठूळ भागापर्यंत) ऑक्सिजन धड पोचत नाही. हे तिन्ही विसरून काढलेला आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत दिला तरी कामाचा नाही.

वय पेरणीपासून मोजणं. वय फुलोऱ्यापासूनच मोजायचं. ओंबीबाहेर पिवळे परागकोश दिसले, त्या दिवशी दोरा बांधा. गव्हात फुलोरा ओंबीच्या मध्याजवळ सुरू होऊन वर आणि खाली सरकतो. म्हणून मधल्या कणिशकांतले (ओंबीवरच्या फुलांच्या छोट्या गुच्छांतले) फक्त पहिल्या-दुसऱ्या फुलांचे दाणे घ्यायचे. अख्खी ओंबी मळून घेतली की निरनिराळ्या वयाचे दाणे एकत्र होतात. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलतं आणि त्याला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे तिथे वरचा, मधला, खालचा भाग वेगळा ठेवा.

आकडा ‘प्रति ग्रॅम ताजं वजन’ देणं. सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, १२ व्या दिवशी दाणा २५ मि.ग्रॅ. आहे आणि विकराची क्रिया ग्रॅममागे ४ एकक. म्हणजे दाण्यामागे ०.१०. २४ व्या दिवशी दाणा ६० मि.ग्रॅ. झाला, क्रिया ग्रॅममागे २.४. आलेखात ४० टक्के घसरण दिसते आणि लगेच ‘भरणीच्या उत्तरार्धात विकर मंदावतं’ असा निष्कर्ष छापला जातो. दाण्यामागे हिशेब केला तर ०.१४४, म्हणजे ४४ टक्के वाढ! विकर कमी झालेलं नाही, भोवती स्टार्च साचला आहे. प्रति मि.ग्रॅ. प्रथिन दिलं तरी सुटका नाही, कारण साठवणीची प्रथिनंही त्याच काळात वाढतात. दाणे मोजून घ्या, ताजं आणि कोरडं वजन दोन्ही नोंदवा, मुख्य आकडा दाण्यामागे द्या. दाणे मोजायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने दुसरा विषय घ्यावा.

उष्णतेच्या प्रयोगात याच्याच जोडीला आणखी एक फसगत होते. तापलेल्या झाडावरचा दाणा लवकर पुढच्या अवस्थेत जातो. ‘दोन्हीकडे २० वा दिवस’ ही तुलना मग समान अवस्थेची राहत नाही. अंश-दिवस, म्हणजे रोजच्या तापमानाची बेरीज, मोजा.

ओंब्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर आणणं. अनेक विकरांना हे थोडा वेळ चालून जातं, एटीपीला, म्हणजे पेशीच्या ऊर्जावाहक रेणूला, मुळीच नाही. पेशीतला एटीपीचा साठा काही सेकंदांत उलटतो. ओंबी तोडून, प्रयोगशाळेत आणून, गप्पा मारत दाणे सोलले तर मोजला जातो तो तोडणीनंतरचा दाणा. ऊर्जाभार, म्हणजे एटीपी अधिक निम्मा एडीपी भागिले एटीपी, एडीपी, एएमपी यांची बेरीज (एडीपी आणि एएमपी ही एटीपीचीच फॉस्फेट गमावलेली रूपं), निरोगी ऊतीत साधारण ०.८ ते ०.९ असतो. शेतातल्या दाण्यात ०.४ आला तर ‘तीव्र ऑक्सिजनटंचाई’ असं लिहिण्याआधी आपलं सॅम्पलिंग तपासा. लिक्विड नायट्रोजनचा फ्लास्क झाडापाशी न्यायचा आणि दाणा तुसातून काढताक्षणी आत टाकायचा. तुसासकट टाकला तर भोवती वायूचा थर अडकतो आणि आतला भाग उशिरा गोठतो. गोठलेल्या खलातली पूड वितळण्याआधीच तिच्यावर थंड परक्लोरिक आम्ल पडलं पाहिजे. एकदा पाणी सुटलं की फॉस्फेटेज आणि अ‍ॅडिनिलेट कायनेज ही विकरं कामाला लागतात आणि एटीपीचं प्रमाण बदलतात.

वेळही लिहा. हिरवं फलभित्त (दाण्याचं बाहेरचं आवरण) उजेडात ऑक्सिजन तयार करतं, त्यामुळे दुपारचा आणि रात्रीचा दाणा ऊर्जेच्या बाबतीत सारखे नसतात.

एजीपेजसाठी (स्टार्चचा कच्चा माल एडीपी-ग्लुकोज तयार करणारं विकर) फॉस्फेट बफर. अजैविक फॉस्फेट या विकराला दाबतो. कपाटात तयार बाटली आहे म्हणून फॉस्फेट वापरणारे दर वर्षी भेटतात. हेपीस हा बफर घ्या, पीएच ७.५ च्या आसपास, सोबत विकराचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करणारं डीटीटी. आणि अर्क जी-२५ स्तंभातून (लहान रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या नळीतून) काढा, म्हणजे दाण्याचा स्वतःचा फॉस्फेट आणि साखर-फॉस्फेटं निघून जातील.

एजीपेजच्या उलट्या दिशेच्या चाचणीत, म्हणजे एडीपी-ग्लुकोज आणि पायरोफॉस्फेटपासून ग्लुकोज-१-फॉस्फेट, तिथून दोन विकरांच्या साखळीने ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच, एक लबाडी दडलेली आहे. मॅग्नेशियम आणि पायरोफॉस्फेट मिळून पांढरा साका धरतात. क्युवेट (मापनाची पारदर्शक नळी) गढूळ होते, शोषण सरळ रेषेत चढतं, विद्यार्थी खूश. अर्काशिवाय तीच क्युवेट लावा. तरीही रेषा चढत असेल तर ते विकर नव्हे. पायरोफॉस्फेट १-२ मिलिमोलरच्या आत ठेवा, शेवटी घाला आणि त्यानेच क्रिया सुरू करा.

एकाच मात्रेवर मोजणं. १०, २० आणि ४० मायक्रोलिटर अर्क लावा. अर्काच्या प्रमाणात क्रियेचा दर दुप्पट-चौपट होत नसेल तर पुढचं काम थांबवा.

सुक्रोज सिंथेजचा (यूडीपी वापरून सुक्रोज फोडणारं विकर) ब्लँक, म्हणजे तुलनेची नळी, पाण्याचा ठेवणं. ब्लँकमध्ये सगळं असू द्या, फक्त यूडीपी नको. नाहीतर इन्व्हर्टेजने (सुक्रोज पाण्याच्या साहाय्याने फोडणारं दुसरं विकर) फोडलेलं सुक्रोजही याच खात्यात जमा होतं. ऊर्जेच्या हिशेबात हा फरक मोठा आहे: इन्व्हर्टेजच्या वाटेने सुटलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही वापरात आणायला एकेक एटीपी लागतो, सुक्रोज सिंथेजच्या वाटेने मात्र सुक्रोजमधल्या बंधाची ऊर्जा यूडीपी-ग्लुकोजमध्ये जपली जाते. पेशीभित्तीला चिकटलेलं इन्व्हर्टेज तर गाळातच राहतं. गाळ धुऊन १ मोलर मिठाच्या द्रावणाने ते सोडवून घ्यावं लागतं. गाळ फेकून ‘क्रिया आढळली नाही’ लिहिणाऱ्यांनी निदान तो गाळ फेकल्याचंही लिहावं.