अग्निशमन अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रापूर्वी करावयाची तयारी

अग्निशमनाच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमाला प्रवेश निश्चित झाला, की बहुतेक विद्यार्थी धावायला आणि दोर चढायला लागतात. ती तयारी आवश्यकच आहे. तरीही माझ्या पाहण्यात जे विद्यार्थी पहिल्या सत्रात मागे पडतात, त्यांतले थोडेच मैदानावर कमी पडलेले असतात; बाकीचे पंपाच्या गणितात, ज्वलनाच्या रसायनशास्त्रात आणि इमारतींच्या आकृत्यांत अडकलेले असतात. ‘आग विझवायला पुस्तक कशाला’ हा समज घेऊन ते वर्गात येतात आणि तो समज जाईपर्यंत अर्धे सत्र निघून जाते. म्हणून ही यादी मुख्यतः वर्गातल्या विषयांची आहे, आणि ज्या क्रमाने ते विषय एकमेकांवर उभे राहतात त्या क्रमाने ती लिहिली आहे.

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगणे पुरे, की वैद्यकीय तपासणीचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मागितले असेल तर ते सत्र सुरू होण्यापूर्वी हाती असावे, कारण या तिन्हींना अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात. त्याच वेळी अभ्यासक्रमाची पूर्ण रूपरेषा मिळवावी आणि कोणता विषय कोणत्या विषयाआधी उत्तीर्ण व्हावा लागतो हे त्यात पाहून ठेवावे.

सुरुवात शालेय गणितापासून करावी. गुणोत्तर, टक्केवारी, वर्तुळाचे क्षेत्रफळ, घनफळ, वर्ग आणि वर्गमूळ एवढे गणित कागदाशिवाय, निदान अंदाजाने, करता आले पाहिजे. शिडी भिंतीला लावताना तिच्या पायाचे भिंतीपासूनचे अंतर उंचीच्या साधारण एक चतुर्थांश ठेवतात आणि त्यामुळे तिचा जमिनीशी सुमारे 75 अंशांचा कोन होतो; हे केवळ पाठ करण्याऐवजी त्रिकोण काढून एकदा स्वतः पडताळून पाहावे. बार, पास्कल, लिटर प्रति मिनिट आणि किलोवॉट ही एकके त्याच राशीच्या दुसऱ्या एककांत बदलण्याचा सरावही याच टप्प्यावर करावा. मी पाहिलेल्या उत्तरपत्रिकांत सूत्रे सहसा बरोबर असतात, चुकते ते एकक.

त्यानंतर ज्वलनशास्त्र. इंधन, उष्णता आणि प्राणवायू यांचा त्रिकोण शाळेत शिकवलेला असतो. येथे त्यात अखंड चालणाऱ्या रासायनिक शृंखलेची चौथी बाजू मिळते. आग विझवण्याचे शुष्क रासायनिक चूर्ण ज्वाला इतक्या झटकन का मोडते, हे त्या चौथ्या बाजूशिवाय समजत नाही. बहुतेक घन पदार्थ थेट जळत नाहीत, तापल्यावर त्यांतून निघणारे वायू जळतात, ही एक गोष्ट पक्की बसली की पुढचे अर्धे प्रकरण सोपे होते. बंद खोलीतली आग वाढताना छताखाली तापलेल्या धुराचा थर साचतो, तो सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की त्याच्या प्रारणाने खोलीतल्या जवळजवळ सर्व वस्तू एकदम पेटू शकतात, आणि यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. प्राणवायूअभावी मंदावलेल्या आगीला अचानक हवा मिळाल्यावर होणारा बॅकड्राफ्ट ही वेगळी घटना आहे. या दोहोंतला फरक स्वतःच्या शब्दांत अर्धे पान लिहून पाहावा. लिहिता आला नाही तर तो अजून समजलेला नाही असे धरावे.

पाण्याला या तयारीत स्वतंत्र दिवस द्यावेत. एक किलो पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 335 किलोज्यूल उष्णता लागते, तर त्याच पाण्याची वाफ व्हायला आणखी सुमारे 2257 किलोज्यूल लागतात. म्हणजे पाण्याचे खरे सामर्थ्य वाफ होण्यात आहे, आणि जे पाणी वाफ न होता जमिनीवरून वाहून गेले त्याने आपल्या क्षमतेचा लहानसा अंशच वापरला. तुषार किती बारीक असावेत आणि प्रवाह कोठे मारावा, या प्रश्नांची मुळे याच आकड्यांत आहेत. याची दुसरी बाजूही लगेच शिकावी: एक लिटर पाण्याची 100 अंशांना सुमारे 1700 लिटर वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत शिरलेल्या जवानांनाच भाजते. असे दोन आकडे शेजारी मांडून अभ्यास केला, की नोझल हाती घेण्याआधीच विद्यार्थी योग्य प्रश्न विचारू लागतो.

पंप आणि जलप्रवाहाचा विषय, ज्याला सगळे हायड्रॉलिक्स म्हणतात, अनेकांना सर्वांत कोरडा वाटतो. मला मात्र तो या अभ्यासक्रमाचा कणा वाटतो. पाणी दर 10 मीटर उंचीला जवळपास एक बार दाब खाते, त्यामुळे होज, म्हणजे पाण्याची लवचीक नळी, 30 मीटर वर नेला तर घर्षणाचा हिशेब सुरू होण्याआधीच तीन बार गेलेले असतात. घर्षणामुळे होणारी दाबाची घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच होजमधून दुप्पट पाणी मागितले तर घट चौपट होते. उलट, प्रवाह तोच ठेवून होजचा व्यास दुप्पट केला तर ही घट ढोबळमानाने बत्तिसाव्या हिश्शावर येते. या तीन विधानांवर प्रत्येकी पाच-सहा उदाहरणे रचून सोडवावीत. विहिरीतून किंवा तलावातून पाणी उपसताना पंप पाणी ‘ओढत’ नाही, तो होजमधली हवा काढतो आणि वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून समुद्रसपाटीलाही सैद्धांतिक मर्यादा 10 मीटरच्या किंचित वर आहे आणि व्यवहारात सात-आठ मीटरपलीकडे भरवसा धरता येत नाही. सक्शन होजच्या जोडावर जराशी हवा शिरली तर सगळा उपसा का थांबतो, याचे उत्तर याच वाक्यात आहे, आणि ते पाणवठ्याशेजारी उभे राहून सुचण्याऐवजी वर्गात सुचलेले बरे.

इमारत बांधकाम हा विषय चित्रे काढून शिकावा. पोलाद सुमारे 550 अंशांपाशी आपली निम्मी ताकद गमावते, आणि तोपर्यंत ते लांबतही असते: 10 मीटरची तुळई 500 अंशांनी तापली तर साधारण सहा सेंटिमीटर वाढते व तिला टेकलेली भिंत बाहेर ढकलू शकते. जाड लाकडी तुळई मात्र मिनिटाला साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर या गतीने जळत जाते आणि आतला गाभा बराच काळ भार पेलतो. याचा अर्थ लाकूड नेहमी सुरक्षित असा घेऊ नये, कारण दातेरी धातूच्या पट्ट्यांनी जोडलेल्या हलक्या लाकडी ट्रसमध्ये, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यात, त्या पट्ट्यांचे दात लाकडात जेमतेम एक सेंटिमीटर रुतलेले असतात आणि तेवढे लाकूड जळले की जोड सुटतो. सत्र सुरू होण्यापूर्वी रोज एका इमारतीसमोर पाच मिनिटे उभे राहण्याची सवय लावावी. भार कशावर आहे, जिने किती आहेत, धूर कोठून वर जाईल, छत कशाचे आहे, हे पाहून वहीत आराखडा काढावा. महिनाभरात नजर बदलते, आणि ती नजर कोणतेही पाठ्यपुस्तक आयती देत नाही.

अग्निसुरक्षेचे नियम पाठ करणे कंटाळवाणे असते, ते मी मान्य करतो. त्यावर माझा उपाय असा, की नियमाशेजारी एक आग वाचावी. 1903 साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात 600 हून अधिक माणसे गेली आणि बंद व आत उघडणारी दारे तेथे जीवघेणी ठरली. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 कामगार मरण पावले. कारखाना आठव्या ते दहाव्या मजल्यावर होता, जिन्याचे एक दार कुलूपबंद होते आणि अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. 1942 साली बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये फिरत्या दारापाशी माणसे अडकली आणि मृतांची संख्या 492 झाली. दार कोणत्या बाजूला उघडावे, कडी कशी असावी, जिना किती रुंद असावा, ही कलमे या तीन घटना वाचल्यावर विसरता येत नाहीत.

आगीचे वर्ग शिकताना एक सावधगिरी हवी. युरोपीय पद्धतीत सी वर्ग म्हणजे वायूंची आग, तर अमेरिकी पद्धतीत सी वर्ग म्हणजे विद्युतभारित उपकरणांची आग. हाती येणारे पुस्तक, चित्रफीत किंवा टिपण कोणत्या पद्धतीचे आहे हे पहिल्या पानावरच लिहून ठेवावे. ही चूक परीक्षेत एका गुणाची असते, प्रत्यक्ष कामात ती तेवढ्यावर थांबत नाही.

घातक पदार्थांच्या विषयासाठी संयुक्त राष्ट्रांचे चार अंकी क्रमांक थोडे थोडे करून ओळखीचे करावेत: 1203 पेट्रोल, 1075 द्रवरूप पेट्रोलियम वायू, 1005 निर्जल अमोनिया, 1017 क्लोरीन. प्रत्येकाशेजारी तो हवेपेक्षा जड की हलका आणि पेटणारा असेल तर हवेत किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत पेटतो हे लिहावे. द्रवरूप पेट्रोलियम वायूसाठी ही मर्यादा साधारण दोन ते साडेनऊ टक्के आहे, आणि तो जड असल्याने खड्ड्यांत व गटारांत साचतो. आगीत सापडलेल्या टाकीचा जो भाग द्रवाच्या पातळीच्या वर असतो, तो आतून थंड होत नाही आणि तेथेच पत्रा फाटतो, म्हणून पाण्याचा मारा त्या भागावर हवा. 1966 साली फ्रान्समधल्या फेझां येथे सुरक्षाझडप वायू सोडत असतानाही टाकी फुटली आणि अग्निशामकांसह 18 जणांचा मृत्यू झाला. झडप उघडली म्हणजे धोका टळला असे मानता येत नाही, हे त्या दुर्घटनेच्या अभ्यासातून पक्के करून घ्यावे.

श्वसनयंत्राच्या, म्हणजे बीए सेटच्या, तासाला बसण्यापूर्वी हवेचा हिशेब यायला हवा. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने साधारण 1800 लिटर हवा असते. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटे होतात, पण हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिटी सुमारे 55 बारला वाजते आणि त्याखालची हवा बाहेर पडण्यासाठी राखलेली असते, म्हणजे कामाची वेळ 37 मिनिटांच्या आसपास उरते. चढताना किंवा कोणाला ओढून आणताना श्वास दुप्पट होतो, तेव्हा तीही निम्म्यावर येते. हे गणित स्वतःच्या श्वासावर करून पाहावे. धुराच्या विषशास्त्रासाठी कार्बन मोनॉक्साइडवर विशेष लक्ष द्यावे: तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि नेहमीचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हा फरक ओळखत नसल्याने रुग्ण गंभीर असतानाही चांगला आकडा दाखवतो. प्रथमोपचाराच्या परीक्षेत हा प्रश्न आला नाही तरी हा मुद्दा सोडू नये.

अहवाललेखनाचा सराव आठवड्यातून एकदा पुरतो. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे, वेळ मिनिटासकट नोंदवावी आणि कारणाचा तर्क घटनेच्या वर्णनात मिसळू नये.

शरीराच्या तयारीत वेगापेक्षा दम वाढवण्याकडे लक्ष द्यावे: वजन घेऊन जिने चढणे, गुडघ्यांवर रांगणे, उष्णतेत पुरेसे पाणी पीत काम करणे. त्याबरोबरच एक सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. अग्निशामकाच्या कामात होणारा संपर्क 2022 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात नोंदवला आहे. त्यामुळे धुरात वापरलेले कपडे आणि हातमोजे वेगळ्या बंद पिशवीत ठेवावेत, खोलीत किंवा अभ्यासाच्या टेबलाजवळ आणू नयेत, आणि ड्रिल संपताच मान, मनगटे व चेहरा धुवावा. काजळी लागलेला गणवेश शौर्याची खूण म्हणून मिरवणाऱ्या वरिष्ठांचे अनुकरण करू नये. मास्कची कड जेथे बसते तेथे दाढीची खुंटेही हवा आत घेतात. म्हणून पहिल्या ड्रिलच्या सकाळी दाढी करून यावे, पट्टे आवळावेत, तळहाताने हवेची वाट बंद करून श्वास आत ओढावा, आणि मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तरच पुढे पाऊल टाकावे.