पायऱ्या उतरताना गुडघ्यांवरचा दाब कसा कमी करावा

जोतिबाचे दर्शन घेऊन आलेली कोल्हापूरची ज्येष्ठ मंडळी बहुधा एकच तक्रार करतात: चढताना दम लागला, पण गुडघे दुखले ते उतरताना. ही तक्रार अगदी खरी आहे. कृत्रिम सांध्यांत संवेदक बसवून घेतलेल्या मोजमापांत सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा अधिक, तर उतरताना जवळजवळ साडेतीन पट दाब आढळला. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरीला सुमारे २४० किलो भार येतो.

हा भार येतो कुठून, हे आधी घरच्या जिन्यावर तपासावे. एका हाताने कठडा धरा, दुसरा तळहात उजव्या मांडीवर गुडघ्याच्या किंचित वर ठेवा आणि डावा पाय अगदी सावकाश खालच्या पायरीवर न्या. वर राहिलेल्या उजव्या पायाची मांडी दगडासारखी घट्ट झालेली हाताला कळेल. वाकणारा गुडघा कोसळू नये म्हणून तो स्नायू जी ओढ धरतो, तीच हाडांना एकमेकांवर दाबते. आपण दोष देतो खाली टेकणाऱ्या पायाला, पण जास्त कष्ट पडतात ते वरच्या पायाला.

म्हणूनच एक गुडघा दुखत असेल तर उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा आणि चांगला पाय मागून त्याच पायरीवर आणावा. चढताना मात्र चांगला पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चवडा आधी टेकवून मग टाच खाली आणल्यास हिसक्याचा काही भाग घोटा आणि पोटरी झेलतात. नारळ-प्रसादाची पिशवी तरुणांकडे द्यावी, कारण तिचे वजनही गुडघ्यापर्यंत वाढूनच पोहोचते.

मात्र दाबाला भिऊन चालणेच सोडू नये. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. ती दबते आणि मोकळी होते, तेव्हाच सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. तालमीतला मल्ल बैठकांची संख्या हळूहळू वाढवतो, त्याच रीतीने आधी काही आठवडे रंकाळ्याकाठी सपाट चालावे, मग खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करावा आणि त्यानंतरच डोंगराचा बेत आखावा. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर या सरावाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.