पानाने कमावलं, पण दाण्यापर्यंत पोहोचलं का?

वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्रात संशोधनाला सुरुवात केली तेव्हा माझा हिशेब सरळ होता. पान जितक्या जोरात प्रकाशसंश्लेषण करेल, तितकं उत्पादन जास्त. पहिला अख्खा हंगाम गव्हाच्या वेगवेगळ्या वाणांची पानं गॅस ॲनालायझरवर, म्हणजे पान किती कार्बन डायऑक्साइड शोषतं हे मोजणाऱ्या यंत्रावर, मोजण्यात घालवला. कापणीनंतर पानाचा वेग आणि दाण्याचं वजन शेजारी शेजारी मांडलं, तर दोघांचा मेळच बसेना. सगळ्यांत वेगवान पानाचं वाण उत्पादनात कुठेतरी मधेच. मोजणीच चुकली असं वाटून आठवडाभर आकडे तपासत बसले.

मोजणी बरोबर होती, माझा प्रश्न अपुरा होता. गव्हाच्या रानटी पूर्वजांत पानाच्या तेवढ्याच क्षेत्रफळामागे प्रकाशसंश्लेषणाचा वेग सुधारित वाणांपेक्षा जास्त असतो, हे १९७०च्या सुमारासच दिसून आलं होतं. तरी दाणा सुधारित वाणांतच भरतो, कारण त्यांचं पान मोठं असतं आणि कमावलेल्या कार्बनचा मोठा वाटा ओंबीकडे जातो. जमिनीवरच्या एकूण वजनात दाण्याचा वाटा, म्हणजे हार्वेस्ट इंडेक्स, जुन्या उंच वाणांत साधारण एक तृतीयांश असायचा. बुटक्या वाणांत तो निम्म्याच्या आसपास गेला. हरितक्रांतीत उत्पादन वाढलं त्यात या वाटणीचा हात फार मोठा आहे.

म्हणून नवीन येणाऱ्यांना मी आधी सोर्स आणि सिंक ही जोडी समजून घ्यायला सांगते. पान म्हणजे सोर्स, साखर तयार करणारं. दाणा, मूळ, कंद, कोवळा शेंडा हे सिंक, ती वापरणारे किंवा साठवणारे. पान सिंकला नुसतं पुरवत नाही, त्याची मागणीही ओळखतं. १९६७ सालचा गव्हावरचा एक प्रयोग मी प्रत्येकाला सांगते. दाणे भरत असताना ओंबी कापून टाकली, तर ध्वजपानाचं (ओंबीखालच्या सगळ्यांत वरच्या पानाचं) प्रकाशसंश्लेषण काही तासांतच जवळपास निम्म्यावर आलं. ऊन तेच, पाणी तेच, पानही तेच. मग खालची पानं अंधारात ठेवली. आता मुळांना साखर पुरवण्याचं काम ध्वजपानावर आलं आणि त्याचा वेग पुन्हा वाढला. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी माझ्या डोक्यातलं पिकाचं चित्रच बदललं.

हे कसं घडतं, तेही थोडक्यात सांगते. हरितलवकात तयार झालेली साखर एक तर बाहेर पडून सुक्रोज होते, नाही तर आत स्टार्च म्हणून साठते. सुक्रोजला उठाव नसला की ते साचतं आणि प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांचं काम मंदावतं. पेशीत साखर किती आहे याची खूण ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा अगदी अल्प प्रमाणातला रेणू देतो. साखर कमी पडली की वाढ रोखणारं स्नआर्क-१ (SnRK1) हे विकर जागं होतं. पाठ्यपुस्तकात हा भाग शेवटी येतो. तुम्ही तो आधी वाचा, कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणाऱ्या केल्विन चक्राच्या पायऱ्या मागाहून पाठ करा.

रात्र विसरू नका. मी दोन वर्षं फक्त दिवसा मोजलं, याची हळहळ अजून वाटते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीचं रोप दिवसाचा स्टार्च रात्रभर एकसारख्या गतीने वापरतं आणि पहाटेपर्यंत जवळजवळ सगळा संपवतं. एखाद्या दिवशी दिवे चार तास आधी बंद केले, तर ते त्याच रात्री खर्च कमी करतं आणि साठा पहाटेपर्यंत पुरवतं! हा साठा डोळ्यांनी पाहायचा असेल, तर एक पान संध्याकाळी तोडा आणि एक पहाटे. दोन्ही गरम अल्कोहोलमध्ये पांढरी होऊ द्या (अल्कोहोल थेट ज्योतीवर कधीच नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून), धुऊन आयोडीनमध्ये बुडवा. संध्याकाळचं पान काळंनिळं होतं, पहाटेचं फिकट पिवळसर राहतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून मी पहिल्या आठवड्यात हेच करून घेते.

आता गॅस ॲनालायझरबद्दल. पान यंत्राच्या चेंबरच्या चिमट्यात धरलं की लगेच आकडा नोंदवायचा मोह होतो. तसं करू नका. सावलीतून उजेडात आलेल्या पानाची पर्णरंध्रं उघडायला पुष्कळ मिनिटं लागतात. आलेख सपाट होईपर्यंत थांबा. यंत्रावर वाकून श्वास सोडू नका, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट असतो आणि आकडे उड्या मारतात. आणि एक वाण सकाळी, दुसरं दुपारी असं मोजलंत, तर तुम्ही वाण नव्हे, दिवसाची वेळ मोजत आहात.

याचा अर्थ पानाचा वेग बिनमहत्त्वाचा आहे, असं मुळीच नाही. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर संथ आहे, शिवाय कधी कधी त्याऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि मिळवलेला कार्बन प्रकाशश्वसनात गमावतं. कडक उन्हात पान जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. सावली आल्यावर हे सोडणं लगेच थांबत नाही, तेवढी मिनिटं वाया जातात. ते लवकर थांबावं असा जनुकीय बदल केलेल्या तंबाखूचं वजन शेतात सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. २०२२ साली असाच बदल केलेल्या सोयाबीनचे निकाल आले. एका हंगामात बदल केलेल्या काही वंशांचं उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढलं, पण पुढच्या हंगामात पीक आडवं पडलं आणि ठळक वाढ दिसली नाही. असे दोन्ही हंगाम मांडणारे शोधनिबंध मला फार मोलाचे वाटतात.

विषय निवडताना मार्गदर्शकांना एवढं जरूर विचारा, की कापणीपर्यंत पीक उभं ठेवायला जागा आणि वेळ मिळणार आहे का. कुंडीतल्या महिन्याभराच्या रोपावर पानाचा वेग कळतो, दाणा भरताना कार्बन कुठे गेला ते कळत नाही. मी आता ओंबी निसवल्यापासून दर आठवड्याला पान, खोड आणि ओंबी वेगवेगळी वाळवून तोलते. ओव्हन, तराजू आणि कागदी पिशव्या एवढ्यावर हे काम होतं, आणि पहिल्या हंगामात मला न सुटलेलं कोडं त्या पिशव्यांतल्या वजनांनीच सोडवलं.