नवी कोरी गाडी की तीन वर्षं वापरलेली? घसाऱ्याचा हिशेब

शोरूममध्ये बोलणं हप्त्यावर येतं. तुम्ही मात्र घसारा, म्हणजे गाडीची किंमत दर महिन्याला किती उतरते ते काढा: ऑन-रोड किमतीतून (रोड टॅक्स, विमा सगळं धरून) विकताना येणारी अंदाजी रक्कम वजा करा आणि वापराच्या महिन्यांनी भागा.

महाराष्ट्रातली ९ लाख एक्स-शोरूमची (रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत) पेट्रोल गाडी धरू. १० लाखांपर्यंत रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ९९ हजार. विमा आणि किरकोळ खर्च धरून ऑन-रोड १०.४ लाख. विम्यात गाडीची किंमत एक्स-शोरूमवर ठरते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के कमी, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. बाजार हे कोष्टक तंतोतंत पाळत नाही, चालत्या मॉडेलला जास्त भाव येतो. पण अंदाजाला ते पुरतं.

तिसरं वर्ष संपता संपता ६.३ लाखांना विकली, तर ४.१ लाख गेले. महिना सुमारे ११,४००. दहा वर्षं वापरून २ लाखांना काढली, तर महिना ७,०००. तीच गाडी दुसऱ्याने ६.३ लाखांना घेतली, टायर, बॅटरी, विमा आणि नावावर करणं यांत ५० हजार घातले आणि सात वर्षांनी २ लाखांना विकली, तर महिना साधारण ५,७००.

म्हणजे दहा वर्षं ठेवणार असाल, तर नवेपणाची किंमत महिना १,३०० रुपये. वॉरंटी आणि कुणी कशी चालवली याची पक्की माहिती, यासाठी एवढे मोजणं आम्हाला रास्त वाटतं. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर बहुधा जास्त असतो, त्यामुळे फरक आणखी घटतो. तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल, तर मात्र नवी घेऊच नका.

जुन्या गाडीचा भाव करताना मालक म्हणतो, ‘मी एवढ्याला घेतली होती.’ ती किंमत धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या, म्हणून तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशीच करा. वर्ष आरसी बुकावरच्या उत्पादनाच्या तारखेवरून मोजा. डिसेंबरात बनून जानेवारीत नोंदलेली गाडी विकताना एक वर्ष जुनीच ठरते.

तपासताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ किंवा कुबट वास असेल, तर गाडीत पाणी शिरलेलं असण्याची दाट शक्यता. पुढे वायरिंग आणि सेन्सर दगा देतात. ती सोडाच. टायरवरचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. गाडी २५ हजार किलोमीटर दाखवते आणि चारही टायर नवे आहेत, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या आणि सर्व्हिसच्या नोंदी मागा. बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडाला असेल, तर बॉनेट कधीतरी काढून परत बसवलेलं आहे; अपघात झाला होता का, ते विचारा. विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) शून्य दिसला, तर आदल्या वर्षी क्लेम झाला का, ते विचारा. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

थकलेली चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घ्या. आरसीवर बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) असेल, तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.