साठवणीतल्या फळांच्या बुरशीवर वनस्पतीजन्य तेले कशी वापरावीत

साठवणीतल्या फळांवर बुरशी दिसते तेव्हा तिचा शिरकाव बहुतेक वेळा बराच आधी झालेला असतो. संत्र्या-मोसंब्यांवरची हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटाटम, धडधाकट सालीतून आत जाऊ शकत नाही. तोडणीच्या वेळी लागलेले नख, देठाशी पडलेली खोक किंवा पेटीच्या कडेने झालेले खरचटणे हीच तिची वाट असते. आंब्या-पपईवरचा करपा मात्र फळ झाडावर असतानाच सालीत दडून बसतो. कच्च्या आंब्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल वर्गातील बुरशीरोधक द्रव्ये असतात, फळ पिकू लागले की ती ओसरतात, आणि मग करप्याचे काळे डाग उमटू लागतात. फळाचे स्वतःचे संरक्षण असे कमी पडते तिथे दुसऱ्या वनस्पतीचे द्रव्य बाहेरून पुरवणे, हा या उपायाचा गाभा आहे. ते संसर्ग रोखते किंवा लांबवते. आत मुरलेली सड ते बरी करत नाही.

उपयोगी द्रव्यांपैकी लवंगेच्या तेलातील युजेनॉल, दालचिनीच्या सालीतील सिनॅमाल्डिहाइड, ओवा आणि थाइम यांतील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल आणि गवती चहातील सिट्रल ही प्रमुख होत. ती पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात सहज मिसळतात, त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलात शिरून ते सैल करतात आणि पेशीतील घटक बाहेर झिरपू लागतात. पण फळाच्या सालीलाही पेशीपटले असतातच. बुरशी मारणारी मात्रा आणि साल भाजणारी मात्रा यांत अंतर थोडे असल्यामुळे, माझ्या मते, या कामात तेलाच्या निवडीपेक्षा मात्रेची अचूकता अधिक महत्त्वाची आहे.

टणक सालीच्या फळांसाठी बुडवणीची पद्धत सोयीची पडते. तेल पाण्यात तसेच ओतले तर ते वर तरंगते, आणि वर काढलेल्या फळावर त्याचे थेंब जिथे चिकटतात तिथे एक-दोन दिवसांत तपकिरी, किंचित खोलगट ठिपके पडतात. म्हणून एक लिटर द्रावणासाठी 1 मिलिलिटर तेल आधी सुमारे 5 मिलिलिटर खाद्य दर्जाच्या इथेनॉलमध्ये विरघळवावे, त्यात अर्धा मिलिलिटर पॉलिसॉर्बेट 80 (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घालावे, आणि हे मिश्रण सतत ढवळत असलेल्या पाण्यात बारीक धारेने सोडावे. द्रावण एकसारखे दुधाळ दिसले पाहिजे. पृष्ठभागावर तेलाची चकती दिसली तर ते वापरू नये. ही मात्रा 0.1 टक्का होते. चाचणीसाठी 0.05, 0.1 आणि 0.2 टक्के अशी तीन द्रावणे करावीत, आणि चौथ्या गटातील फळे तेलाविना, पण इथेनॉल व पॉलिसॉर्बेट तेवढेच घातलेल्या पाण्यात बुडवावीत, नाहीतर फरक तेलामुळे पडला की त्या दोन पदार्थांमुळे, हे कळणार नाही. प्रत्येक गटात एकाच तोडणीची किमान वीस फळे घ्यावीत. दोन-तीन मिनिटे बुडवून ती जाळीवर एकेरी थरात पूर्ण सुकवावीत, कारण ओलसर फळ पेटीत गेले तर केलेले काम वाया जाते.

जखमेतून शिरणाऱ्या बुरशीसाठी ही प्रक्रिया तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत व्हायला हवी. उशीर झाला की बीजाणू रुजून तंतू सालीखाली उतरतात. डाग आधी मऊ आणि पाणचट होतो, त्यावर पांढरी लव येते आणि मग मधोमध हिरवी भुकटी पसरते. या टप्प्यावर फळ बाजूला काढण्याखेरीज उपाय उरत नाही.

स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे भिजवणे योग्य नाही. त्यांच्यावरची करडी बुरशी, बोट्रायटिस सिनेरिया, शून्य अंश सेल्सिअसजवळही हळूहळू वाढत राहते, म्हणून केवळ थंडाव्यावर विसंबता येत नाही. अशा फळांना तेलाची वाफ द्यावी. 10 लिटरचा हवाबंद डबा फळांनी निम्मा भरला असेल तर मोकळी हवा सुमारे 5 लिटर उरते; प्रति लिटर 20 मायक्रोलिटर या हिशेबाने 100 मायक्रोलिटर, म्हणजे 0.1 मिलिलिटर तेल गाळणकागदावर सोडून तो झाकणाला आतून चिकटवावा, फळाला टेकू देऊ नये. हे माप सुईविरहित बारीक सिरिंजने घ्यावे, कारण प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या आकाराचा असतो. थंडीत तेलाची वाफ कमी होते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला जमलेली मात्रा शीतगृहात तशीच लागू पडेल असे धरून चालू नये. फळे श्वसन करत असल्याने डबा फार काळ बंद ठेवणेही चुकीचे आहे. काही तासांनी तो उघडून हवा बदलावी.

तेल उडून गेले की संरक्षणही संपते, म्हणून ते डिंकाच्या किंवा कोरफडीच्या गराच्या पातळ लेपात मिसळून लावण्याची पद्धत आहे. लेप तेलाला धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. तो जाड झाला तर मात्र सालीतून हवेची ये-जा अडते आणि फळाला आंबूस, दारूसारखा वास येतो.

चाचणीची नोंद ठेवताना सडलेली फळे मोजावीतच, शिवाय सालीवरचे डाग पाहावेत आणि प्रत्येक गटातील दोन फळे कापून चाखावीत. थायमॉल आणि युजेनॉल यांची चव फार थोड्या मात्रेतही जाणवते. फळाला औषधासारखा वास राहिला तर ती मात्रा बुरशी रोखत असूनही निरुपयोगी समजावी. तेले खाद्य दर्जाचीच घ्यावीत, विक्रीच्या फळांसाठी आपल्या देशातील अन्नसुरक्षेचे नियम आधी पाहावेत, आणि भांडी काचेची किंवा स्टीलची वापरावीत, कारण लवंगेचे तेल काही प्लास्टिक विरघळवते. दालचिनीच्या तेलाने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत. इथेनॉल हाताळताना जवळ ज्योत नसावी.

सफरचंदावर निळी बुरशी आलीच असेल तर ते फळ तेल लावून किंवा खराब भाग कापून रसासाठी वापरू नये. पेनिसिलियम एक्स्पान्सम ही बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करते, ते डागाभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही पसरलेले असू शकते, आणि बुरशीची वाढ थांबली तरी आधी तयार झालेले विष फळात तसेच राहते.